शेजारच्या आजींच्या स्पूल टेपा : मशीन लावण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आयर्लंडमध्ये, काउंटी क्लेअरमध्ये एनिसजवळ राहता. शेजारच्या ८४ वर्षांच्या आजींनी तुम्हाला एक खोकं दिलं आहे. त्यात २३ स्पूल (उघड्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेपा), ११ कॅसेट आणि एक बंद पडलेलं ग्रुंडिग टेप मशीन आहे. त्यांचे यजमान साठच्या आणि सत्तरच्या दशकांत घरी जमणाऱ्या गायकांचं गाणं टेप करायचे. त्यातले काही नुसते शेजारीपाजारी, तर काही पुढे नावारूपाला आलेले. तुम्हाला हे सगळं डिजिटल करून, खरखर काढून, आजींच्या वाढदिवसाआधी यूट्यूबवर टाकायचं आहे. आणि विचारता आहात की सॉफ्टवेअर कोणतं वापरू.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. फुकटचं ऑडॅसिटी पुरेसं आहे. खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सॉफ्टवेअरने सुटत नाही. या टेपांवर गाणारं कोण आहे, कुठल्या घरात आणि कुठल्या साली गात आहे, हे सांगू शकणारी व्यक्ती आज एकच आहे आणि ती ८४ वर्षांची आहे. टेप नीट ठेवली तर आणखी काही वर्षं टिकेल. नाव नसलेली टेप मात्र अर्काइव्हलाही अर्धीच उपयोगाची. म्हणून माझा क्रम असा: आधी आजी, मग टेप, मग आवाजाची साफसफाई. आणि ही साफसफाई मूळ फाइलवर कधीच नाही.

घरच्या टेपांना एवढं महत्त्व का, हेही सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. आयर्लंडमध्ये पन्नाशीच्या दशकापासून लोकगीतांची जी नवी लाट आली, तिचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात स्वयंपाकघरातल्या टेपांवरच होता. १९५५ साली डायेन हॅमिल्टन ही अमेरिकन संग्राहक मशीन घेऊन आर्मा काउंटीतल्या कीडी गावी सारा मेकम यांच्या घरी गेली. सोबत लिअम क्लॅन्सी होता. तिथे त्याची साराबाईंच्या मुलाशी, टॉमीशी ओळख झाली आणि पुढे अमेरिका गाजवणारी क्लॅन्सी बंधू–टॉमी मेकम ही जोडी त्या भेटीतून उभी राहिली. दुसरं उदाहरण रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइलचे जॉन रायली यांचं. ते फिरस्त्या ट्रॅव्हलर समाजातले. टॉम मनेली यांनी त्यांना टेप केलं. त्यांच्याकडे ‘द वेल बिलो द व्हॅली’ हे गाणं होतं, जे मौखिक परंपरेतून जवळजवळ नाहीसं झालं असं अभ्यासक समजत होते. रायली १९६९ मध्ये गेले. टेपेवरून ते गाणं गायक क्रिस्टी मूरकडे आलं आणि १९७३ मध्ये त्याच्या प्लँक्स्टी या बँडच्या दुसऱ्या एलपीचं नावच ते झालं. तुमच्या खोक्यात असं काही निघेलच असं नाही. पण निघालं, तर ते गायकाच्या नावासकट निघायला हवं.

तर पहिला आठवडा मशीनला हातही लावू नका. टेप वाजवू नका, ‘जरा बघू’ म्हणून रिवाइंडही करू नका. फक्त फोटो काढा: प्रत्येक डबीची पुढची बाजू, मागची, कडा, आतला कागद, स्पूलवरचं लेबल, आणि डबीत सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा किंवा बिलाची पावती निघाली तर तीही. मग प्रत्येक स्पूलला क्रमांक द्या. डबीवर मऊ पेन्सिलीने, आणि तोच क्रमांक एका चिठ्ठीवर स्पूलच्या सोबत. डबीवरच्या यादीवर लगेच विश्वास ठेवू नका. घरगुती टेपांत डब्या आणि स्पूल यांची अदलाबदल सर्रास होते, आणि एकाच टेपेवर दोनदा-तीनदा ध्वनिमुद्रण केलेलं असतं. यादी १९६४ ची आणि आवाज १९७१ चा, असंही निघतं. डबी जे सांगते ते ‘डबीवर असं लिहिलं आहे’ एवढंच नोंदवायचं.

मग टेपेचा प्रकार ओळखा. स्पूल खिडकीतल्या उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या फितीच्या चकतीतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची. उजेड अडला तर बहुधा पॉलिएस्टर. काही जर्मन टेपा पीव्हीसीच्याही असतात. मग डबीचा वास घ्या. ॲसिटेट सडायला लागली की व्हिनेगरचा वास येतो. असा वास येणारी स्पूल बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या टेपांनाही बिघडवते. शिवाय ती पहिल्यांदा कॉपी करायच्या यादीत टाका. ॲसिटेट ताण आला की पटकन तुटते, पण स्वच्छ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला तुकडा कायमचा गेला. अननुभवी माणसाच्या हातून पॉलिएस्टरच जास्त बिघडते, ते यामुळे.

टेप ‘भाजण्या’बद्दल इंटरनेटवर खूप वाचायला मिळेल. तो उपाय चिकट झालेल्या, म्हणजे बाइंडरने (चुंबकी भुकटी फितीवर धरून ठेवणाऱ्या लेपाने) हवेतलं पाणी शोषलेल्या पॉलिएस्टर टेपांसाठी आहे. अशा टेपा साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या असतात आणि बहुतेकांना मागच्या बाजूला काळा थर असतो. त्या ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, नियंत्रित तापमानात काही तास ठेवतात. तुमच्या साठच्या दशकातल्या टेपांना याची गरज पडण्याची शक्यता कमी. ॲसिटेट तर कधीच भाजायची नाही. घरच्या ओव्हनमध्ये यातलं काहीच नाही.

आता ते ग्रुंडिग. प्लग लावू नका. साठ वर्षांचे कपॅसिटर आणि सुकलेले रबरी पट्टे असलेलं मशीन अचानक चालू झालं, तर ते बंद पडलेल्या मशीनपेक्षा जास्त घातक. एखादं स्पूल आवळून धरेल आणि टेप ताणून ठेवेल. पण ते टाकूनही देऊ नका. मागच्या प्लेटवरचा मॉडेल क्रमांक टिपून ठेवा. ते मशीन दोन ट्रॅकचं होतं की चार ट्रॅकचं, त्यावर कोणते वेग होते, हे त्यावरून कळतं, आणि ही माहिती पुढे तासन्‌तास वाचवते.

वाजवण्यासाठी हवं ते नीट सर्व्हिस केलेलं, हळुवार ताणाचं मशीन. रेव्हॉक्स ए७७ किंवा बी७७ चांगली, पण विकत किंवा उसनं घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: त्याचे हेड, म्हणजे टेप वाचणारे भाग, हाफ-ट्रॅक आहेत की क्वार्टर-ट्रॅक (फरक पुढे सांगतो), आणि वेग कोणते. साधारणपणे या मशीनवर साडेसात इंच (१९ सेंटिमीटर प्रतिसेकंद) आणि पावणेचार इंच (९.५ सेंटिमीटर) हे वेग असतात. घरगुती टेपा बहुतेक पावणेचारच्या. पण काटकसरी माणूस आणखी निम्म्या वेगाने, ४.७६ सेंटिमीटरवर टेप करायचा. अशी टेप रेव्हॉक्सवर दुप्पट वेगाने वाजवून ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) घ्यायची आणि नंतर ती फाइल ४८ किलोहर्ट्झची आहे असं सॉफ्टवेअरला सांगायचं. स्वर जागेवर येतो, मात्र वेगानुसार मशीनचं इक्वलायझेशन (उंच-खालच्या स्वरांचा तोल) वेगळं असल्याने आवाजाचा पोत बदललेला राहतो आणि तो दुरुस्त करावा लागतो. पन्नास-शंभर तासांचं काम असेल तर हा वेग असलेलं उहर रिपोर्टसारखं मशीन शोधणं सोपं.

वेळेचा अंदाज आधी घ्या, नाहीतर वाढदिवस हुकेल. पाच इंची स्पूलवर लाँग-प्ले टेप ९०० फूट. पावणेचारच्या वेगाने एका ट्रॅकला ४८ मिनिटं. तुमच्या २३ स्पूल सगळ्या अशाच आणि दोन ट्रॅकच्या असतील तर सुमारे ३७ तास. चार ट्रॅकच्या असतील तर ७४. आणि टेप वाजेल तेवढाच वेळ लागतो, त्यात घाई करता येत नाही. एका तासाची एका चॅनेलची ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची फाइल साधारण १ जीबी होते. म्हणजे जागेची चिंता नाही, वेळेची आहे.

ट्रॅकच्या भानगडीपाशी जरा थांबतो, कारण घरगुती टेपांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. पाव इंच रुंद फितीवर हाफ-ट्रॅक मोनो मशीन वरच्या अर्ध्यात एक बाजू लिहितं. स्पूल उलटवली की खालच्या अर्ध्यात दुसरी, विरुद्ध दिशेने. क्वार्टर-ट्रॅक मशीन त्याच रुंदीत चार अरुंद पट्टे बसवतं: पहिला आणि तिसरा एका दिशेने, दुसरा आणि चौथा उलट दिशेने. आता क्वार्टर-ट्रॅक टेप हाफ-ट्रॅक हेडवर लावली, तर एक हेड दोन पट्टे एकदम वाचतं: एक गाणं सरळ आणि त्याच्याखाली दुसरं उलटं. स्पीकरमधून कुणी रशियन बोलत असल्यासारखं पुटपुटणं ऐकू आलं, की समजायचं हेड चुकलं आहे. टेप खराब झालेली नाही. याच्या उलट, हाफ-ट्रॅक मोनो टेप क्वार्टर-ट्रॅक स्टीरिओ मशीनवर लावली तर डाव्या चॅनेलमध्ये पहिली बाजू सरळ येते आणि उजव्यात दुसरी बाजू उलटी. दोन्ही चॅनेल एकदम घ्या, उजवा सॉफ्टवेअरमध्ये उलटा करा, एका फेरीत दोन्ही बाजू मिळतात. टेपेला एक फेरी कमी पडते, हा मोठा फायदा. तोटा असा की अरुंद हेड पट्ट्याचा निम्माच भाग वाचतं, त्यामुळे खरखर थोडी वाढते. ॲसिटेट कमजोर असेल तर मी एक फेरी वाचवणं पसंत करेन. टेप धडधाकट असेल तर हाफ-ट्रॅक हेड शोधावं.

चार ट्रॅकच्या टेपेवर शेवटचा पट्टा रिकामा वाटला तरी पूर्ण वाजवा. गाणं संपल्यावर मशीन बंद करायचं राहून गेलं आणि पुढची वीस मिनिटं नुसत्या गप्पा टेप झाल्या, असं होतं. त्या वीस मिनिटांत कधी कधी सगळ्या गायकांची नावं सापडतात.

प्रत्यक्ष कॉपी करताना आधी एखादी नको असलेली टेप लावून मशीन तपासा: ताण, थांबण्याची पद्धत, फीत दुमडते का. प्रत्येक स्पूलनंतर हेड आणि धातूचे गाइड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी पिंच रोलरला ते लावू नका. डीमॅग्नेटायझर (हेडचं साठलेलं चुंबकत्व काढणारं उपकरण) वापरत असाल तर टेपा खोलीबाहेर ठेवून. जुने जोड साध्या सेलोटेपचे असले तर त्यांचा गोंद पाझरून शेजारच्या वेटोळ्यांना चिकटलेला असतो. तिथे जबरदस्तीने ओढू नका. हळूहळू सोडवा, गोंद काढा आणि स्प्लायसिंग टेपने परत जोडा.

मग अझिमथ. वाजवणाऱ्या हेडचा कोन मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या हेडशी जुळला पाहिजे. घरगुती मशीनचा कोन क्वचितच बरोबर असायचा, आणि म्हणूनच तुमचं रेव्हॉक्स कितीही अचूक असलं तरी या टेपेसाठी ते चुकीचं असू शकतं. गाण्यातला ‘स’ किंवा गायकाने घेतलेला श्वास ऐका आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवा. एका जागी ‘स’ धारदार होतो आणि पुढे पुन्हा बोथट. तो धारदार बिंदू पकडायचा. हे प्रत्येक स्पूलला, आणि ध्वनिमुद्रण बदललं वाटलं तर मध्येही. कॉपी झाल्यानंतर सॉफ्टवेअरने ट्रेबल वाढवून हे भरून निघत नाही, खरखरच वाढते. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत राहील. ऑटो लेव्हल बंद. टाळ्या गाण्यापेक्षा मोठ्या असतात हे विसरू नका. लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेऊ नका; लाइन इनपुट असलेला, २४ बिटचा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या.

आता वेग. इथे आयरिश गाण्याची एक खास अडचण आहे. आपल्याकडच्या खाजगी मैफलींच्या स्पूलमध्ये मागे तानपुरा असतो. तो कुठल्या पट्टीत लावला ते ठाऊक नसलं, तरी टेप मध्येच हळू किंवा जलद झाली तर तानपुरा लगेच चहाडी करतो. आयर्लंडमधलं जुन्या वळणाचं गाणं, शॅन-नोस म्हणजे आयरिश भाषेतलं असो की इंग्रजी पोवाड्यासारखं लांब कथागीत, साथीशिवायचं. गायक स्वतःच चार कडव्यांत अर्धा स्वर वर सरकतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मग सरकलं कोण, गायक की मशीन?

याचं उत्तर बऱ्याचदा ज्या घुमण्याला तुम्ही काढून टाकणार आहात, त्यातच असतं. आयर्लंडची वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या मशीनने गाण्याबरोबर आपली घुमघुमही टेपेवर लिहिलेली असते, ५० वर आणि त्याच्या दुपटीला १०० वर. सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख, उघडा. १०० ला असायला हवी ती रेघ १०३ ला दिसली, तर तुमची कॉपी ३ टक्के जलद आहे. ३ टक्के म्हणजे जवळजवळ पाव स्वर. रेघ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. ती जागेवर राहिली आणि गाणं वर गेलं, तर गायक सरकला; त्याला हात लावू नका. रेघही गाण्यासोबत सरकली, तर मशीन. एक सावधगिरी: तुमच्या आजच्या मशीनची स्वतःची घुमघुमही बरोबर १०० ला दिसेल. टेप थांबवून पाहा, थांबल्यावरही राहते ती तुमची. दोन रेघा शेजारी दिसल्या तर जी बरोबर १०० वर नाही ती टेपेची. १२० ला रेघ निघाली तर ती कॉपी बहुधा अमेरिकेत झालेली, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची. त्या काळच्या वीजपुरवठ्यातही थोडी हालचाल असायची, म्हणून अर्ध्या टक्क्याच्या मागे लागू नका.

बॅटरीवरच्या मशीनचा प्रकार निराळा. बॅटरी उतरत गेली की टेप करताना फीत हळू चालते, आणि आज योग्य वेगाने वाजवली की गाणं जलद आणि उंच होत जातं. संध्याकाळच्या शेवटच्या गायकाचा आवाज नेहमीच बारीक का, याचं कारण अनेकदा तेवढंच असतं. मूळ फाइल तशीच ठेवा आणि दुरुस्ती वेगळ्या कॉपीत करा, किती टक्के केली ते लिहून.

गाण्याच्या ओळीआधी त्याच ओळीचं पुसट भूत ऐकू येतं का, तेही तपासा. गुंडाळलेल्या फितीच्या एका वेटोळ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर उमटतं, त्याचा तो परिणाम. साथ नसलेल्या गाण्यात हे फार जाणवतं, कारण ओळीआधी शांतता असते. १० सेंटिमीटर व्यासाच्या वेटोळ्यावर आणि ९.५ च्या वेगाने हे भूत सुमारे सव्वातीन सेकंद आधी येतं. टेपेची प्रकृती चांगली असेल तर वाजवण्याआधी दोन-तीनदा सावकाश पुढे-मागे गुंडाळल्याने ते थोडं मावळतं. टेप शेवट बाहेर ठेवून साठवावी, म्हणजे भूत ओळीच्या नंतर पडतं आणि झाकलं जातं, असं सांगतात. ते खरं आहे, पण दोन्ही बाजूंना गाणं असलेल्या टेपेत ज्या बाजूचा फायदा होतो तिच्या उलट दुसरीचा तोटा होतो.

कॅसेटचं थोडक्यात: सी-१२० असेल तर ती फीत अतिशय पातळ, ती आधी घ्या. आतला स्पंजचा दाबपट्टा निघाला असेल तर फीत स्क्रूच्या नव्या कवचात हलवा. डॉल्बी बीची (खरखर कमी करणाऱ्या पद्धतीची) खूण डबीवर असली तरी गाणं फार बोथट वाटत असेल तर ते बंद करून ऐका. चुकून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेवरची छोटी प्लॅस्टिकची जीभ आधी तोडून टाका.

इतकं झालं की हाती येते कच्ची फाइल: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह, न कापलेली, न पुसलेली. फाइलच्या नावात स्पूलचा क्रमांक, बाजू आणि ट्रॅक एवढंच. गायकाचं नाव नको, कारण ते पुढे चुकीचं ठरतं आणि मग जुनं नाव दहा ठिकाणी फिरत राहतं. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर, आणि प्रत्येकीचा चेकसम (फाइल जराही बदलली तर ओळखू येणारा आकडा) काढून ठेवलेला.

न कापलेली यावर मी अडून बसतो, त्याची कारणं अगदी साधी आहेत. इथल्या घरगुती बैठकीत एकाचं गाणं झालं की त्याला पुढच्याचं नाव पुकारायचा मान असतो. त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात. दोन गाण्यांमधला गोंधळ कापलात तर तुम्ही नेमकी नावंच कापलीत. गाण्याआधी गायक म्हणतो की हे मी अमक्या आत्याकडून, तमक्या जत्रेत ऐकलं. संशोधकाला गाण्याइतकंच ते हवं असतं. आणि जुन्या वळणाचे कित्येक गायक शेवटची ओळ गात नाहीत, नुसती बोलून टाकतात. गाणं संपल्याची ती खूण असते. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘इथे बोलणं सुरू झालं’ म्हणून तिथेच कात्री चालवतो आणि गाण्याचं शेपूट तोडतो. दाराची कडी, भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके, कुत्रं, हे सगळंही राहू द्या. घड्याळाचा सूर तोच असेल तर दोन स्पूल एकाच घरातल्या असण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक स्पूल मूळचीच आहे असंही धरून चालू नका. लोक रेडिओ आणि एलपीही टेप करायचे. दर १.८ सेकंदांनी एक टिक्‌ ऐकू आली तर ती एलपीची कॉपी आहे, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी तेवढ्याच वेळात होते. खोलीचा घुमारा अजिबात नाही, सुरुवात अर्ध्या शब्दात तुटलेली आणि शेवटी निवेदक, तर रेडिओ. अशी स्पूल फेकू नका, पण ‘आमच्या घरचं ध्वनिमुद्रण’ म्हणून कुणाला देऊही नका. गायक ओळखताना तर आणखी सावध राहा. साठच्या दशकात अर्धं आयर्लंड डब्लिनर्स या बँडच्या ल्यूक केलीच्या किंवा क्लॅन्सी बंधूंच्या ढंगात गात होतं. आवाजावरून नाव ठोकून देऊ नका.

त्यासाठी आजी. त्यांच्याबरोबर एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, जास्त नाही; थकवा आला की माणूस होकार देत सुटतो. ‘हा अमुक का?’ असं विचारू नका, कारण मग उत्तर ‘हो’च येतं. आधी गाणं नाही, गप्पा वाजवा. ओळखीचा खोकला आणि हसणं गाण्याच्या आवाजापेक्षा लवकर ओळखू येतं. हे कुणाचं घर, मशीन कुठे ठेवलं होतं, कोण कुणाबरोबर आलं होतं, हे विचारा. त्यांचं बोलणं फोनवर टेप करा, त्यांना सांगून. बायकांची माहेरची नावंही विचारा. आयरिश आणि इंग्रजी अशी दुहेरी नावं असतात, हे लक्षात ठेवा. कार्नाचे थोर गायक जो हीनी आणि शोसव ओ हेनी हे एकच गृहस्थ. शंका असलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं तेही.

मग प्रत्येक स्पूलची वेळेनुसार यादी: किती मिनिटाला काय, गायकाने सांगितलेलं नाव, गाण्याची पहिली ओळ जशी ऐकू आली तशी, भाषा. ऐकू आलेले शब्द छापील पुस्तकाप्रमाणे ‘सुधारू’ नका, फरकातच मोल आहे. एकाच गाण्याला दहा नावं असतात, म्हणून राउड क्रमांक, म्हणजे इंग्रजी लोकगीतांच्या राउड सूचीतला क्रमांक, शोधून लिहा. लंडनच्या व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर ही सूची मोफत आहे. वर सांगितलेलं रायली यांचं गाणं तिथे २३३५ या क्रमांकावर आहे, नाव काहीही असो.

यूट्यूबचं म्हणाल तर थांबा. गाणं पारंपरिक असलं म्हणून ध्वनिमुद्रण मोकळं होत नाही. त्यात गाणाऱ्याचे आणि टेप करणाऱ्याचे हक्क असू शकतात, आणि सगळं वाटतं तितकं पारंपरिकही नसतं. ‘रॅगलन रोड’ जुन्या चालीवर गायलं जातं, पण शब्द पॅट्रिक कॅव्हना यांचे. ते १९६७ मध्ये गेले, म्हणजे त्या शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. त्याहून महत्त्वाचं असं की त्या खोलीतल्या लोकांनी शेजाऱ्यापुढे गायलं, जगापुढे नाही. कुणी गप्पांत कुणाची निंदाही केलेली असते. गायकांच्या मुलांना विचारा. बहुतेक आनंदाने होकार देतात, आणि त्या निमित्ताने नावंही पक्की होतात. कुठे किती उघडं करायचं हे तुमच्या गावावर आणि त्या घरांवर अवलंबून आहे, दुरून मी ठरवू शकत नाही.

टेपा शेवटी कुठे जाव्यात? डब्लिनला ७३, मेरियन स्क्वेअर इथे आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्ह आहे, १९८७ मध्ये सुरू झालेलं, फक्त याच कामाचं. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये नॅशनल फोकलोर कलेक्शन आहे, ज्याचं मूळ १९३५ च्या आयरिश फोकलोर कमिशनमध्ये. आणि तुमच्या अगदी हाताशी क्लेअर काउंटी लायब्ररी आहे. जिम कॅरल आणि पॅट मॅकेन्झी यांनी क्लेअरच्या गायकांची केलेली ध्वनिमुद्रणं तिने ऑनलाइन ठेवली आहेत. ती आजच ऐका, कारण तुमच्या स्पूलवरच्या एखाद्या आवाजाशी तिथला आवाज जुळू शकतो. आधी फोन करा, पोस्टाने टेप पाठवू नका, आणि सोबत फोटो व यादी न्या. टेपा कायमच्या द्यायच्या की कॉपीसाठी उसन्या, काय उघडं आणि काय फक्त वाचनकक्षात, हे आजींनी स्वतः सही करून ठरवावं. व्हिनेगरचा वास येणाऱ्या आणि तुटक्या स्पूल तर मी घरी न करता आधी अर्काइव्हला विचारण्याचा सल्ला देईन.

राहिला वाढदिवस. सगळ्या २३ स्पूल तोवर होणार नाहीत, एक धडधाकट स्पूल होईल. तिच्या कच्च्या फाइलची कॉपी करा. त्या कॉपीत घुमघुम थोडी दाबा, पातळी सारखी करा, खरखर पूर्ण काढायच्या नादी लागू नका. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आजींकडे सीडी प्लेअर असेल तर सीडीच द्या, ८० मिनिटांत एका स्पूलचा चांगला भाग मावतो. स्पूल निवडताना सगळ्यात नामवंत गायकाची शोधू नका. सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद ऐकत जा: मशीन सुरू करून ‘वन, टू, थ्री’ म्हणणारा, तारीख सांगणारा, कुणाला खुर्ची जवळ ओढायला सांगणारा आवाज बहुधा यजमानांचाच असतो. स्वतः टेप करणारा माणूस बाकी टेपेवर फारसा सापडत नाही. ते दहा सेकंद ज्या स्पूलवर स्वच्छ असतील, ती घ्या.